अठरा पायऱ्यांखालचा ओटा

शशिकांत चांदवडकर जिने काढायचे. काढायचे म्हणजे कागदावर. आमच्या कंपनीत इमारतीचं बाकी सगळं काढायला वेगवेगळी माणसं होती, पण मेझनिनचा जिना आला की कागद फिरत फिरत त्यांच्याच टेबलावर जाऊन थांबायचा. मेझनिन म्हणजे दुकानात, बँकेत, दवाखान्यात एकाच उंच मजल्याच्या पोटात बसवलेला अर्धा मजला. मालकाला तो हवा असतो, पण त्याच्या जिन्याला जागा मात्र द्यायची नसते. वर एसीचा डक्ट, खाली दार, बाजूला खांब, आणि उरलेल्या बोळात जिना बसवा म्हणतात. चांदवडकर कतारमध्ये सत्तावीस वर्षं हेच करत होते. नाशिकहून आले तेव्हा डोक्यावर केस होते, असं ते स्वतःच सांगायचे.

मी नमिता. त्याच कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर. कुठला नकाशा कुणी काढला, त्याची कितवी रिव्हिजन, साइटवर कधी गेला, हे सगळं माझ्या रजिस्टरात असतं. रजिस्टर आता कॉम्प्युटरमध्ये आहे, पण शब्द तोच राहिलाय. इंजिनीयर मंडळी मला कारकून समजतात. मीही समजू देते, कारण वाद झाला की सगळे माझ्याकडेच धावत येतात. माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगितलेलं बरं. भित्र्या माणसांचा मला विशेष राग येतो, आणि चांदवडकर भित्रे होते.

साहेबांचा फोन वाजला की आधी शर्टाचं वरचं बटण लावायचे आणि मग फोन उचलायचे. समोरचं वाक्य पुरं व्हायच्या आत यांचं "यस सर" बाहेर. प्रिंटर अडकला तरी आजूबाजूला बघून "सॉरी" म्हणणारा माणूस. पण जिन्याचा विषय निघाला की वेगळेच. खिशात कायम मोजायची टेप. त्यांची बायको, उल्कावहिनी, सांगायच्या की मॉलमध्ये हे बोलता बोलता गायब होतात आणि शोधत गेलं की जिन्याच्या पायथ्याशी सापडतात, लोकांच्या पायांकडे बघत. "बायकांच्या पायांकडे बघतात म्हणून एक दिवस पोलीस धरतील, तेव्हा मी ओळख दाखवणार नाही," असं वहिनींनी मुऐदर भागातल्या त्यांच्या घरी भर पंगतीत सांगितलं होतं. चांदवडकर ताटात बघून हसले होते.

मी एकदा विचारलं, काय बघता एवढं? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते माझ्या लक्षात राहिलं. माणूस पहिल्या दोन पायऱ्या डोळ्यांनी बघतो, म्हणाले. तिसरीपासून पुढचं त्याचा पाय बघतो. पायाला एकदा उंची कळली की तो डोक्याला विचारत नाही. म्हणून सगळ्या पायऱ्या सारख्या पाहिजेत, अगदी करंगळीच्या जाडीएवढाही फरक नको. "आणि जिना लक्षात राहता कामा नये, नमिता. जिना लक्षात राहिला म्हणजे कुणीतरी त्यावर पडलंय."

त्यांचं एक गुपित मला रजिस्टरमुळे कळलं. एका दुपारी काम नव्हतं म्हणून मी त्यांचे जुने नकाशे चाळत होते. पायऱ्यांचे आकडे बघत गेले. सतरा, एकोणीस, एकवीस, सतरा, पंधरा, तेवीस. दीडशेच्या आसपास जिने, आणि एकही सम नाही. मी खुर्ची फिरवून हाक मारली, "चांदवडकर, हे काय आहे?" त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग खुर्ची ओढून जवळ आले.

त्यांच्या आईनं लहानपणी शिकवलेलं. उजवं पाऊल टाकून चढायला लागावं आणि उजवंच पाऊल वरच्या मजल्यावर पडावं. पायऱ्या विषम असल्या तरच ते जमतं. घरात येताना उजवं, देवळात जाताना उजवं, मग परक्या मुलखात रोज हजारो लोक जिथे चढतात तिथे डावं कशाला? एवढंच. त्यात त्यांना काही मोठं वाटत नव्हतं. कुणाला कळू मात्र द्यायचं नव्हतं.

"इथे अरबी चढतात, फिलिपिनो चढतात, केरळी चढतात. त्यांचं कोणतं पाऊल आधी पडतं हे तुम्ही बघायला जाता?" मी म्हटलं.

"जातो ना," ते म्हणाले. "निम्मे उजवंच टाकतात."

मी खूप हसले. पुढे कित्येक महिने मी त्यांना पायऱ्यांवरून चिडवत राहिले, आणि ते कानापर्यंत लाल होत राहिले.

मग अल खोर गावातल्या वाचनालयाचं काम आलं. एका खासगी संस्थेचं, पण सगळ्यांना खुलं. खाली पुस्तकं आणि मेझनिनवर बसून वाचायची जागा. त्या जिन्यात उंचीला बरोबर अठरा पायऱ्या बसत होत्या. सतरा केल्या तर प्रत्येक पायरी नियमापेक्षा दोन मिलिमीटर उंच व्हायची. एकोणीस केल्या तर जिना एक फूट पुढे सरकून आगीच्या वेळी बाहेर पडायच्या दाराच्या वाटेत घुसायचा. अठराच करा असं ती जागाच सांगत होती. कुणीही अर्ध्या तासात अठराचा जिना काढून मोकळा झाला असता. चांदवडकर त्यावर नऊ दिवस बसले.

शेवटी त्यांनी अठराचाच दिला. माझा जीव भांड्यात पडला, कारण साइटवाले माझ्याच डोक्यावर बसले होते. आणि आठवड्याभरानं गुरुवारी दुपारी ते फरशीच्या नकाशाची नवी रिव्हिजन घेऊन आले. रिव्हिजन सी. त्यात जिन्याच्या पायथ्याशी दगडाचा एक ओटा दाखवला होता, एक फूट रुंद आणि जेमतेम पाच सेंटिमीटर उंच.

"हे काय?"

"शोभेचा ओटा. कठड्याचा खांब त्यावर बसेल. बरं दिसेल."

मी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "हा धरून एकोणीस झाल्या की हो."

"नियमाप्रमाणे जिना अठराचाच आहे," ते हळूच म्हणाले. "हा जिन्यात येत नाही. दाराच्या वाटेतही धरत नाहीत. फरशीचं काम आहे हे."

मी हसत हसत नोंद केली. फरशीची किरकोळ कामं आम्ही कन्सल्टंटकडे मंजुरीला पाठवत नसू, सरळ साइटवर पाठवायचो. तशीच ही पाठवली. तेव्हाच मी डोकं चालवलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती, पण मला गंमत वाटत होती.

साइटवर फरशी बसवायला पोपटराव होते. करमाळ्याकडचे गवंडी, एकोणीस वर्षं कतारमध्ये, एका लेबर सप्लाय कंपनीच्या कॅम्पमध्ये राहायचे. बायको फुलाबाई गावी. चांदवडकरांनीच त्यांना आमच्या कामांवर आणलेलं. शुक्रवारी मुऐदरला जेवायला असायचे आणि जेवण झालं की वहिनींच्या स्वयंपाकघरातली एखादी हललेली फरशी न सांगता नीट करून द्यायचे. आपण बसवलेला दगड आजवर कुणाला उपटावा लागला नाही, हे ते दर दोन वाक्यांमागे सांगायचे. ऐकून ऐकून आम्हाला पाठ झालं होतं.

रिव्हिजन सी साइटवर पोचली त्याच दिवशी त्यांचा फोन आला. चांदवडकरांनी हातांत नकाशे होते म्हणून तो स्पीकरवर टाकला, आणि मी बाजूलाच उभी होते.

"सायेब, ह्यो वटा हाय का पायरी?"

"ओटा आहे, पोपट."

"न्हाई, पायरी आसंल तर लई बुटकी हाय. उतरताना मानसाचा पाय फसंल."

"शोभेचा आहे. लाव."

"तुमी म्हनता तर लावतो. यल्ला, चला."

वाचनालय उघडलं. पहिल्या दोन आठवड्यांत दोघं जण त्या जिन्यावरून उतरताना धडपडले, त्यांना काही लागलं नाही म्हणून कुणी लिहून ठेवलं नाही. तिसऱ्या आठवड्यात कनीज पडली. कनीज हैदराबादची, पन्नाशीची, वाचनालयात पुस्तकं जागच्या जागी लावायचं काम करायची. दोन्ही हातांत पुस्तकं घेऊन खाली येत होती. तिचा खुबा मोडला.

रविवारी सकाळी आम्हाला अल खोरला बोलावलं. गाडीत ड्रायव्हर, चांदवडकर आणि फाइल घेऊन मी. चांदवडकर वाटभर खिशातली टेप चाचपत होते. वाचनालयात त्यांनी टेप काढली, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या पायऱ्या मोजल्या, आणि मला म्हणाले, "तू वर जा आणि खाली ये. मुद्दाम बघू नकोस. माझ्याशी बोलत ये."

मी वर गेले आणि बोलत बोलत उतरले. तो ओटा तिथे आहे हे मला पक्कं माहीत होतं. तरी शेवटी जमीन आली असं समजून मी पाऊल टाकलं आणि टाच ओट्याच्या कडेवरून सटकली. कठडा धरला म्हणून वाचले.

चांदवडकर तिथेच तिसऱ्या पायरीवर बसले. "अठरा वेळा पायाला एक उंची शिकवली," ते म्हणाले, "आणि शेवटी भलतीच दिली. शिकाऊ पोरगा पण असं करणार नाही."

मला त्यांची दया आली. पण पुढे जे झालं त्यानं ती पार उडून गेली.

साइट मॅनेजरनं अहवाल दिला होता की फरशीची पातळी चुकली आणि ती झाकायला गवंड्यानं स्वतःच्या मनानं हा दगड बसवला. पोपटरावांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, कागदात होतं. कुठल्या कागदात? साइटवरचे कागद काम संपल्यावर कचऱ्यात गेलेले. कुणी काढला कागद? त्यावर पोपटराव गप्प. फोनवर कुणाला विचारलं होतं, कुणी "लाव" म्हटलं होतं, यातलं अवाक्षर त्यांनी काढलं नाही. निर्णय झाला: गुरुवारच्या विमानानं परत. कागदावर कारण लिहिलं, मेसनच्या, म्हणजे गवंड्याच्या, चुकीने अपघात. त्या एका ओळीनंतर इथली दुसरी कुठलीही कंपनी त्यांना उभं करणार नव्हती.

परतताना गाडीत मी बोलले. "चांदवडकर, तुम्हाला बोलावं लागेल."

"बोलतो."

"आज."

"उद्या बोलतो. साहेबांचा मूड बघून."

साहेबांचा मूड! माझं डोकं फिरलं. ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, नाहीतर मी जे बोलले ते त्यानं सगळ्या ऑफिसात पसरवलं असतं. चांदवडकर खिडकीबाहेर बघत राहिले. वय सत्तावन्न. मुलाचं, अमेयचं, बारावीचं वर्ष. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की महिन्या-दोन महिन्यांत घर गुंडाळायचं. हे सगळं मला ठाऊक होतं. माझ्या घरी तेच होतं. माझ्या नवऱ्याचा प्रोजेक्ट संपून सात महिने झाले होते आणि आमचं घर माझ्या एकटीच्या व्हिसावर उभं होतं. म्हणून तर मला त्यांचा जास्त राग आला. मी भीत असूनही बोलले असते, असं मला वाटत होतं.

सोमवारी ते बोलले नाहीत. दिवसभर नकाशा उघडून बसले होते आणि त्यावर एक रेघही हलली नाही. दुपारी पोपटराव आले, एचआरमध्ये सह्या करायला. जाताना चांदवडकरांच्या टेबलापाशी थांबले. चांदवडकर उठून उभे राहिले. ऑफिसात गवंड्यासाठी कुणी उठून उभं राहत नाही.

"सायेब, तुमी काय बी बोलू नगा," पोपटराव हळू आवाजात म्हणाले. "तुमचं बिऱ्हाड हाय हितं, पोराची शाळा हाय. माजं काय, हितं येकलाच मानूस. जाईन गावाकडं."

"पोपट, मी बघतो काहीतरी. इन्शाल्ला..."

"जायचं काय न्हाई वो. पन त्येंनी लिवलंय की माज्या हातनं चुकलं. तेवढी वळ खोडता आली तर बगा. बाकी कायबी नगं."

चांदवडकरांनी मान हलवली. पोपटरावांनी माझ्याकडे बघून हात जोडले आणि गेले. तेवढी ओळ. माणूस एकोणीस वर्षांनी देश सोडून चालला होता आणि त्याचं मागणं तेवढ्या एका ओळीचं होतं. मी चांदवडकरांकडे रोखून पाहिलं. ते टेपची पट्टी बाहेर काढत होते आणि आत सोडत होते.

मंगळवारी सकाळी श्यामसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. श्यामसर म्हणजेच साहेब, आमचे जनरल मॅनेजर. कधी आवाज चढवणार नाहीत. त्यांनी माझ्यासाठी चहासुद्धा मागवला.

"नमिता, वो अल खोर की रिव्हिजन सी किसको गई थी?"

"सिर्फ साइट को, सर."

"कन्सल्टंट को नहीं? क्लायंट को नहीं?"

"नहीं."

"तो फिर वो इश्यू ही नहीं हुई. रजिस्टर साफ कर दो. सर्व्हर पे भी."

"सर, लेकिन पोपटराव..."

"सप्लाय का आदमी है, वो दूसरा भेज देंगे. ड्रॉइंग गलत निकला तो कंपनी का नाम जाएगा. इसी क्लायंट के तीन हॉल का काम है हमारे पास. सबकी नौकरी उसी पे है." मग त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "आपके हसबंड का कुछ हुआ?"

एवढंच विचारलं. अगदी आपुलकीनं.

मी जागेवर येऊन बसले. समोर चांदवडकर पाठ करून बसलेले. त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे बघून मी मनाशी म्हटलं, हा माणूस जन्मात तोंड उघडणार नाही. उघडणारच नसेल तर तो कागद रजिस्टरात असला काय आणि नसला काय. पोपटराव तसेही जाणार. मग मी का मरू? हा हिशेब मला लगेच पटला. रजिस्टरातली ओळ काढली. सर्व्हरवरची फाइल काढली, तिची दुसरी प्रत काढली. चांदवडकरांच्या कॉम्प्युटरवर त्यांचं स्वतःचं असं काही नसतंच, सगळं सर्व्हरवर, आणि सर्व्हरच्या किल्ल्या माझ्याकडे. चहा गार व्हायच्या आत झालं.

बुधवारी चांदवडकर उशिरा आले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. सकाळी ते हॉस्पिटलमध्ये कनीजला बघायला गेले होते, हे त्यांनी नंतर श्यामसरांसमोरच सांगितलं. आल्या आल्या बॅगेतून चौकटींची वही काढली, जिच्यात ते पेन्सिलीनं जिने मांडायचे ती, आणि दारावर टकटकसुद्धा न करता श्यामसरांच्या केबिनमध्ये शिरले. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. मी काचेतून बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी मला हातानं आत बोलावलं.

"सर, गलती मेरी है," ते सांगत होते. आवाज कापत होता पण थांबत नव्हता. "वो पत्थर मैंने बनाया था. मेसन ने फोन करके पूछा था, पाँव फसेगा क्या. मैंने बोला लगाओ. मैं हॉस्पिटल गया था. वो बाई मेरे को बोलती है, 'भाई, मेरीच गलती थी, मेरेकू लगा ज़मीन आ गई.' उसकी गलती नहीं है, सर. उसको ज़मीन लगना ही था. मेसन का नाम निकाल दीजिए, मेरा लिख दीजिए. मैं साइन करता हूँ."

मी दाराशी उभी. या माणसाला मी भित्रा म्हणत होते.

श्यामसरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "ड्रॉइंग किधर है, शशिकांत?"

"रजिस्टर में है. रिव्हिजन सी. नमिता को पूछिए." ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. माझ्या रजिस्टरावर या माणसाचा इतका विश्वास होता. "नमिता, दाखव गं सरांना."

आता बोलता आलं असतं. तीन-चार शब्दांचं काम होतं. कालच काढली, सरांनी सांगितलं म्हणून. श्यामसर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, टेबलावरचे कागद सरळ करत होते. माझ्या डोळ्यांपुढे नवरा आला, सकाळी डबा देताना मान खाली घालून उभा असलेला.

"रिव्हिजन बी के बाद कुछ नहीं है, सर," मी म्हटलं.

चांदवडकर थोडेसे हसले. "असं कसं? खाली बघ ना. खाली असेल."

मी लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर ठेवला आणि खाली खाली सरकवून दाखवलं. ए, बी, आणि मग पुढच्या कामाचे नकाशे. ते वाकून बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. मग घाईघाईनं वही उघडली. पेन्सिलीनं काढलेल्या अठरा पायऱ्या, पायथ्याशी तो ओटा, आणि त्याच्या शेजारी त्यांच्याच हातचं एक प्रश्नचिन्ह.

"ये तो आपकी अपनी कॉपी है," श्यामसर म्हणाले. "और इसमें भी आपको डाउट है. ये आज भी लिख सकते हैं." ते उठून आले आणि त्यांनी चांदवडकरांच्या खांद्यावर हात ठेवला. "वो आपका दोस्त है, मैं समझता हूँ. दोस्त के लिए आदमी अपने ऊपर ले लेता है. अच्छी बात है. लेकिन अब खलास. घर जाइए, आराम कीजिए."

चांदवडकर घरी गेले नाहीत. दिवसभर स्वतःच्या कॉम्प्युटरवर शोधत बसले. एकदा माझ्या टेबलापर्यंत आले आणि काही न विचारता परत गेले. मला ओरडून रडावंसं वाटत होतं, आणि मी रोजच्यासारखी नोंदी करत होते. घरी गेल्यावर माझ्या मुलानं, श्रेयसनं, विचारलं, "आई, व्हॉट हॅपन्ड?" मी त्याच्यावर उगीच खेकसले.

गुरुवारी पोपटरावांचं विमान चार वाजून दहा मिनिटांनी होतं. तीनच्या सुमारास चांदवडकर माझ्या टेबलापाशी खुर्ची घेऊन बसले. दाढी केलेली नव्हती. ओरडतील, शिव्या देतील, म्हणून मी तयार होते. खरं तर मला तेच हवं होतं. त्यांनी शिवी दिली असती तर मी सगळं सांगून टाकलं असतं, असं मला अजूनही वाटतं. पण माझा माझ्यावर विश्वास राहिलेला नाही.

"नमिता, मला एक सांग," ते म्हणाले. "मी खरंच काढलं होतं ना गं ते? की मनातच होतं माझ्या?"

मी स्क्रीनवरची नोंद वर-खाली सरकवली.

"काल झोप नाही लागली. वहीत प्रश्नचिन्ह आहे. मला वाटतं मी कच्चं काढलं असेल, आणि पाठवायचं की नाही याचा विचार करत बसलो असेन. तुझ्या रजिस्टरात नाही म्हणजे पाठवलं नसणारच. तुझी नोंद कधी चुकत नाही." ते माझ्या तोंडाकडे बघत होते. "आणि तो फोन. तू इथेच उभी होतीस. मी त्याला 'लाव' म्हणालो, की 'लावू नको' म्हणालो?"

त्यांच्या डोळ्यांत मला ते दिसलं. सत्तावीस वर्षं भीत जगलेल्या माणसाला अचानक सुटायची वाट दिसली होती, आणि ती वाट मीच मोकळी करून दिली होती. नकाशा काढलाच नाही तर कनीज त्यांच्यामुळे पडली नाही. पोपट त्यांच्यामुळे चालला नाही. अमेयची शाळा राहील, मुऐदरचं घर राहील. फक्त मी हो म्हणायला हवं होतं, किंवा काही न म्हणायला.

"मला नीट आठवत नाही, चांदवडकर," मी म्हटलं.

त्यांनी बराच वेळ मान हलवली. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी काढून टेबलावर ठेवला, तेव्हा मी नाव वाचलं. विमानतळावरून पोपटराव होते, निरोप घ्यायला. चांदवडकरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि फोन उचलला. पोपटराव काहीतरी बोलले. चांदवडकर ऐकत राहिले. मग लहान मुलाला समजवावं तशा हळू आवाजात, कुठेही राग नसलेल्या आवाजात, ते म्हणाले, "पोपट, पण मला विचारायचंस तरी रे. असं मनानं लावायचं नसतं."

पलीकडून पोपटराव काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही.